क्रूझवर चढताना बॅगेत काय नको: कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी

क्रूझला जाणारी मंडळी आता कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतात. कुणी मुंबई-गोवा करून आलेलं असतं, कुणी लक्षद्वीप, कुणी सिंगापूरपर्यंत विमानाने जाऊन तिथून जहाज धरलेलं. बुकिंग करताना केबिनला खिडकी आहे का, बाल्कनी आहे का, जेवण शाकाहारी मिळतं का, सगळं विचारून होतं. बॅगेत काय चालत नाही हे मात्र बहुतेकांना स्कॅनरच्या पट्ट्यापुढे उभं राहिल्यावर कळतं, आणि तोवर मागे रांग लागलेली असते.

गंमत म्हणजे विमानाची सवय असलेल्यांचाच इथे जास्त घोळ होतो. विमानात चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, मग आपण तो चेक-इनच्या बॅगेत टाकतो. तिथे ते खपतं, कारण ती बॅग उतरेपर्यंत आपल्या हाताला लागत नाही. जहाजावर टर्मिनलच्या दारात दिलेली मोठी बॅग संध्याकाळी थेट तुमच्या केबिनच्या दाराशी येते. म्हणजे तिच्यातला चाकू पुन्हा तुमच्याच हाती. त्यामुळे जहाजासाठी 'ही हातातली, ती आतली' असा भेद नाही. जे बंद ते दोन्हींत बंद. उलट विमानातला १०० मिलीचा नियम इथे सहसा नसतो, शाम्पूची मोठी बाटली बिनधास्त न्या.

दुसरं, जहाजाला सगळ्यात मोठी भीती आगीची. भर समुद्रात अग्निशमनचा बंब येत नाही. २००६ च्या मार्चमध्ये 'स्टार प्रिन्सेस' या मोठ्या क्रूझ जहाजाला जमैकाजवळ पहाटे आग लागली, शेकडो केबिनींचं नुकसान झालं, एका प्रवाशाचा जीव गेला. तपासात संशय कशावर आला, तर बाल्कनीत पडलेल्या पेटत्या सिगारेटच्या थोटकावर. हे ध्यानात ठेवलं की बंदीची निम्मी यादी न वाचताच कळते. जे तापतं, जे पेटतं, ते घरी.

१. आधी तुमच्याच जहाजाचे नियम वाचा

प्रत्येक कंपनीची यादी वेगळी असते. एकीत वाइनची एक बाटली चालते, दुसरीत दारूचा थेंबही नाही. एकीत पाकीटबंद खाऊ चालतो, दुसरीत बाहेरचं काहीच नाही. तिकिटासोबत आलेल्या पीडीएफमध्ये शेवटच्या पानांवर बंदी घातलेल्या वस्तूंची यादी असते, ती मोबाइलवर साठवून ठेवा. एजंटाच्या 'काय होत नाही हो साहेब, न्या बिनधास्त' या वाक्यावर विसंबू नका. स्कॅनरपुढे एजंट नसतो.

खाली जे सांगतोय ते बहुतेक जहाजांना लागू पडतं. तुमच्या यादीत वेगळं असेल तर तुमची यादी खरी.

२. कागदपत्रं

• देशातल्या फेरीसाठी सरकारी फोटो ओळखपत्र, मूळ. आधार, मतदार कार्ड, लायसन्स किंवा पासपोर्ट. झेरॉक्स किंवा व्हॉट्सअॅपवरचा फोटो धरत नाहीत.
• लहान मुलांचंही ओळखपत्र. आधार किंवा जन्मदाखला. हे विसरणारे खूप.
• वेब चेक-इन करून काढलेला बोर्डिंग पास, छापील. बंदरावर नेटवर्कने दगा दिला तर कागदच कामाला येतो.
• बॅगेला लावायचे टॅग. घरीच छापून, चिकटपट्टीने नीट गुंडाळून लावा. त्यावर केबिनचा नंबर असतो.
• परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, आणि लागेल तिथे व्हिसा.
• लक्षद्वीपला उतरण्यासाठी प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढून देते की तुम्हाला काढायचा, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.
• औषधांचं प्रिस्क्रिप्शन, डॉक्टरांच्या लेटरहेडवर.

तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं असा प्रकार आपल्याकडे घरोघरी असतो. निघायच्या आदल्या रात्री ते निस्तरत नाही.

३. बॅग भरताना

विजेच्या वस्तू. इस्त्री, कपड्यांचा स्टीमर, चहाची किटली, पाणी तापवायचा रॉड, छोटा राइस कुकर, हॉटप्लेट: सगळं घरी. 'आईला रात्री गरम पाणी लागतं' हे कारण खरं असलं तरी चालत नाही. केबिनच्या माणसाला सांगितलं की थर्मास भरून मिळतो. एक्स्टेन्शन बोर्डही ठेवून जा, सर्ज प्रोटेक्टरवाला तर नक्कीच. घरी एका तारेत (फेज) वीज असते, दुसरीत (न्यूट्रल) नसते. जहाजावर बऱ्याचदा दोन्ही तारांत वीज असते आणि तिथे हा बोर्ड बिघाडात संरक्षण देण्याऐवजी स्वतःच तापून पेटू शकतो. मोबाइलसाठी यूएसबीचा चार्जर, पॉवर बँक आणि दोन पिनांचा अडॅप्टर एवढं पुरतं.

देवाचं सामान. हे वेगळं लिहितोय, कारण आपल्याकडून हमखास जातं. उदबत्ती, कापूर, काडेपेटी, फुलवाती, तेला-तुपाची बाटली, निरांजन. अंबाबाईचा अंगारा नेला तर कुणाची हरकत नाही, पण केबिनमध्ये दिवा लावायचा विचार सोडा. धुराचा सेन्सर वाजला तर सगळा मजला बाहेर येतो. समुद्रात नारळ सोडायचा नवसही जहाजावरून फेडू नका. पाण्यात काहीही टाकायला सक्त मनाई असते, समुद्रात कचरा टाकू नये म्हणून आंतरराष्ट्रीय कायदाच आहे. नारळ वाहायचाच असेल तर गिरगाव चौपाटीवर वाहा आणि मग बंदराकडे जा.

धारदार वस्तू. सुरी, खिशातला चाकू, कटर, मोठी कात्री. आणि अडकित्ता! घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या चंचीत तो असतोच, आणि तो धारदार आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. सुपारी कातरून छोट्या डबीत भरून द्या. नेलकटर आणि लहान कात्री बहुतेक ठिकाणी चालते. डब्यात फळं कापायची सुरी उगाच ठेवू नका, कापलेली फळं बुफेवर ढिगाने असतात.

शस्त्रं आणि शस्त्रांसारखं दिसणारं. परवान्याची बंदूक असली तरी नाही. मुलांची खेळण्यातली पिस्तुलं, प्लास्टिकची तलवारसुद्धा नाही. मर्दानी खेळाच्या आखाड्यातली पोरं गटाने जात असतील आणि डेकवर प्रात्यक्षिक दाखवायची हौस असेल, तर दांडपट्टा आणि लाठी दोन्ही विसरा. मुलींच्या पर्समधला मिरीचा स्प्रे काढून ठेवा. तो विमानाच्या केबिनमध्ये चालत नाही, जहाजावर तर कुठेच चालत नाही.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये 'अकिले लाउरो' नावाचं इटालियन प्रवासी जहाज अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतलं. ते प्रवासी म्हणूनच चढले होते, शस्त्रं सामानात होती. एका अमेरिकन प्रवाशाला मारून त्यांनी समुद्रात टाकलं. पुढे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जहाजं आणि बंदरं यांच्या सुरक्षेसाठी आयएसपीएस नावाची संहिता आली, ती १ जुलै २००४ पासून लागू आहे. तुमची बॅग उघडणारा माणूस त्या नियमाने बांधलेला असतो. त्याला वैयक्तिक काही पडलेलं नसतं.

चटणी, मसाला, गूळ. देशातल्या फेरीत कांदा-लसूण मसाल्याने कुणाचं बिघडत नाही, फार तर कंपनी बाहेरचं खाणं म्हणून काढून घेईल. खरी भानगड सिंगापूर आणि दुबईची. आपल्या घरच्या मसाल्यात बहुतेकदा खसखस असते, आणि खसखस त्या दोन्ही ठिकाणी बंदीच्या यादीत आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. हसण्यावारी नेऊ नका. परदेशी बंदरावरून जहाज धरणार असाल तर डबा कोल्हापुरातच ठेवा.

गुळाची कथा निराळी. तो बंद नाही, पण एक्स-रेच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि अन्न, कागद, प्लास्टिक, तशीच काही स्फोटकंही नारिंगी दिसतात. गुळाचा किलोभराचा रवा (छोटी ढेप) म्हणजे पडद्यावर एक गच्च नारिंगी गोळा. पट्टा थांबतो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो, आणि मग 'ये किसका बॅग है?' फडक्यात बांधलेला रवा तिथे सोडून दाखवावा लागतो. कुणाला भेट द्यायचाच असेल तर कंपनीच्या छापील पाकिटातला, आणि बॅगेत वरच्या बाजूला.

याच जागी आपली जीभ घसरते. चटणीला 'बॉम्ब आहे, साहेब' म्हणायची सवय कोल्हापुरात ठीक. स्कॅनरपाशी तो शब्द काढायचा नाही, चेष्टेतही नाही.

लाडू-चिवडा. घरचा उघडा खाऊ बहुतेक जहाजांवर चालत नाही. जिथे चालतो तिथे कारखान्यात सीलबंद केलेलाच. भडंगचं पाकीट कदाचित सुटेल, पांढऱ्या रश्श्याचा थर्मास सुटणार नाही. लहान बाळाचं खाणं आणि पथ्याचं खाणं यांना सवलत असते, पण आधी कळवलेलं बरं.

औषधं. मूळ स्ट्रिपमध्ये, प्रिस्क्रिप्शनसकट, हातातल्या बॅगेत. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत सुट्या गोळ्या भरून नेऊ नका. वैद्यांनी कागदात बांधून दिलेल्या चूर्णाच्या पुड्या म्हणजे तर आपणहून संकट ओढवून घेणं, त्यांच्याकडून लेबल लावलेल्या बाटलीत घ्या. मिसरीची डबी हा तसलाच प्रकार: काळी पूड, नाव नाही, गाव नाही. इन्सुलिनच्या सुया चालतात, वापरलेल्या सुया टाकायला जहाजावर डबा मागून घ्या. दुबईकडे ट्रामाडॉल आणि कोडीनसारख्या औषधांवर कडक निर्बंध आहेत. खोकल्याच्या औषधात कोडीन असू शकतं, बाटलीवरचं वाचा.

दारू, तंबाखू आणि पुढचं. दारूचं कंपनीगणिक पाहा, पण पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून नेण्याची युक्ती सुरक्षारक्षकांनी तुमच्या आधी शंभरदा पाहिलेली असते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, ई-सिगारेटवर देशभर २०१९ पासून. सिंगापूरला जाताना च्युइंगगमही नको, आणि सिगारेटचं एक पाकीट असलं तरी कस्टमला सांगावं लागतं. अमली पदार्थांबद्दल वेगळं सांगायला नको. २०२१ मध्ये मुंबईहून गोव्याला निघालेल्या क्रूझवर पडलेला छापा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. फक्त एक: गटातल्या कुणी 'माझी एवढी पिशवी तुझ्या बॅगेत राहू दे' म्हटलं तर आत काय आहे ते उघडून बघा. मैत्री तेवढ्याने तुटत नाही.

ट्रेकवाल्यांसाठी. पन्हाळा-पावनखिंड करणारी मंडळी सॅक तशीच उचलून येतात. त्यातला गॅसचा छोटा सिलिंडर, स्टोव्ह, चाकू, वॉकीटॉकी बाहेर काढा. परदेशातून आणलेलं, उपग्रहाशी जोडणारं संदेश-यंत्र किंवा सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय बाळगणं हाच गुन्हा आहे, क्रूझ असो वा नसो. ड्रोन बहुतेक जहाजांवर बंद, नाहीतर शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्या ताब्यात.

४. कोल्हापूर ते बॅलार्ड पिअर

मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. नव्या टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. टॅक्सीवाल्याला 'ग्रीन गेट, बॅलार्ड इस्टेट' सांगा. भाऊचा धक्का किंवा गेटवे म्हणालात तर भलतीकडे जाल.

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी सीएसएमटीला पोचवते, तिथून टर्मिनल हाकेच्या अंतरावर. जहाज साधारण दुपारनंतर सुटतं, म्हणजे गाडी दोन-तीन तास उशिरा आली तरी निभावतं. त्याहून उशीर झाला तर मात्र अवघड. सुटायच्या बऱ्याच आधी चेक-इन बंद होतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी द्यायची असते, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. पावसाळ्यात किंवा स्वतःच्या गाडीने हायवेवरून येणार असाल तर आदल्या दिवशी मुंबई गाठा. हायवेची कामं आणि घाटातली वाहतूक कुणाच्या हातात नसते.

एखादी वस्तू चुकून बरोबर आलीच आहे आणि सोडवत नाही (आजीचा पितळी अडकित्ता, समजा), तर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येते. कुलूप लावलेली छोटी बॅग, रेल्वेचं तिकीट आणि ओळखपत्र लागतं. पेटणारं काही तिथेही ठेवू नका.

५. टर्मिनलवर, क्रमाने

गेटवर ओळखपत्र आणि बोर्डिंग पास दाखवून आत. बंदराची सुरक्षा सीआयएसएफकडे आहे, तेव्हा तिथे फोटो-रील काढत उभे राहू नका.

दारातच मोठ्या बॅगा घेतात. टॅग आहे का पुन्हा बघा. या बॅगा तुमच्या मागे, तुम्ही नसताना एक्स-रेतून जातात. केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, कागदपत्रं, दागिने, चार्जर आणि एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत.

मग तुमची तपासणी. पिशवी स्कॅनरच्या पट्ट्यावर, मोबाइल-किल्ल्या-कमरेचा पट्टा ट्रेमध्ये, तुम्ही धातू ओळखणाऱ्या चौकटीतून. कोल्हापुरी साज, पाटल्या, तोडे घातलेल्या बायका चौकटीतून गेल्या की ती वाजणारच. घाबरून दागिने काढून ट्रेमध्ये टाकू नका; गर्दीत ट्रे पुढे सरकतो आणि माणूस मागे राहतो. अंगावरच राहू द्या, महिला सुरक्षारक्षक पडद्याआड हातातल्या यंत्राने तपासते. पेसमेकर असेल तर चौकटीत शिरायच्या आधी सांगा आणि कार्ड दाखवा. जोडवी वाजली तर तीही काढायची गरज नाही, दाखवली की झालं.

त्यानंतर काउंटर, फोटो आणि केबिनचं कार्ड. परदेशी फेरी असेल तर इमिग्रेशन. केबिनचं कार्ड म्हणजे किल्ली, पाकीट आणि ओळखपत्र, तिन्ही. चढता-उतरताना ते स्कॅन होतं आणि पडद्यावर तुमचा फोटो येतो.

जहाजावर गेल्यावर आधी सुरक्षा-कवायत. २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडालं तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. ३२ माणसं गेली. आता ती सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक आहे. बुफेची रांग नंतर लावा.

६. बॅग आलीच नाही तर

रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांच्या बॅगा आल्या, तुमची नाही. बहुतेक वेळा ती हरवलेली नसते, सुरक्षा विभागाच्या खोलीत बसलेली असते. दारावर चिठ्ठी येते किंवा फोन. नाही आला तर रिसेप्शनवर जाऊन विचारा, वाट बघत झोपू नका.

तिथे बॅग तुमच्यासमोर उघडतात. 'ही तुमची का?' विचारून इस्त्री बाजूला काढतात, पावती देतात, सही घेतात. पाच मिनिटांचं काम. कुणाची ओळख सांगणं, 'आमचे साहेब अमुक खात्यात आहेत' म्हणणं, खिशात हात घालणं, यातलं काही करू नका. साधी गोष्ट अवघड होते. इस्त्री-किटली शेवटच्या दिवशी परत मिळते. दारू कंपनीगणिक परत मिळते किंवा ओतून टाकतात. बेकायदा काही निघालं तर ते परत मिळत नाही आणि प्रकरण पोलिसांकडे जातं.

७. मधल्या बंदरावर उतरलात तर

पुन्हा चढताना तीच तपासणी, प्रत्येक वेळी. गोव्यात घेतलेली काजू फेणी गँगवेवर (जहाजात शिरायच्या वाटेवर) जमा होते, पावती मिळते. शोभेचा खंजीर, भाला असलं काही घेतलंत तर तेही जमा.

लक्षद्वीपला किनाऱ्यावर पोवळ्यांचे तुकडे पडलेले दिसतात, मुलं खिसे भरतात. पोवळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, एक तुकडाही आणायचा नाही. चढायच्या आधी मुलांचे खिसे रिकामे करून घ्या.

सिंगापूरहून निघणारी बरीच जहाजं फुकेतला थांबतात. थायलंडने २०२२ साली गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पुढे २०२५ मध्ये नियम पुन्हा आवळले. तिथे दुकानात बिस्किटं, गोळ्या, तेल असं काही हिरव्या पानाचं चित्र असलेलं दिसलं तर हात लावू नका. जहाज परत सिंगापूरला लागणार आहे, आणि तिथे या गुन्ह्याला फाशीपर्यंत शिक्षा आहे. तिथल्या दुकानदाराचं 'लीगल लीगल' त्या दुकानापुरतं.

८. उतरताना

आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. जमा वस्तूंची पावती त्या बॅगेत जाऊ देऊ नका, खिशात ठेवा. जमा सामान बहुधा उतरायच्या सकाळी एका ठरलेल्या टेबलवर मिळतं आणि तिथे रांग असते, ती न्याहारीच्या आधी लावलेली बरी. परदेशातून आला असाल तर पुढे कस्टम.

आणि सकाळची कोयना एक्सप्रेस गाठायच्या नादाला लागू नका. ती सीएसएमटीहून सकाळीच सुटते, तुम्ही तेव्हा अजून रांगेत असाल. परतीचं तिकीट रात्रीच्या महालक्ष्मीचं काढा.